दिरांचा खोका आणि विश्वामित्रीचं पाणी

पत्र आलंय बडोद्याच्या फतेगंजहून. लांब आहे, म्हणून थोडं कापून देते.

"काकू, नमस्कार. तुमचं सदर आमच्याकडे सासूबाई मोठ्याने वाचून दाखवतात, तेव्हा कृपा करून नाव छापू नका. आम्ही तळमजल्यावर राहतो. सासरे ७९ वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. सासूबाईंना दोन वेळचं इन्सुलिन. मिस्टर मकरपुऱ्याला कारखान्यात, पाळीची ड्युटी. मी बँकेत, मुलगा अकरावीत. २०२४ च्या गोकुळाष्टमीला पाऊस लागला आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत पाणी भरलं. लाइट गेली, संध्याकाळपर्यंत मोबाइल मेले. मिस्टर कंपनीत अडकलेले, मी घरात दोघांना घेऊन. रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. कुणालाच फोन लागेना. सकाळी कळलं की तो गॅस होता, पण ती रात्र मी विसरलेले नाही.

आता मेलबर्नचे भाऊजी दिवाळीला येतायत. त्यांनी यादी पाठवलीय: उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, बाबांसाठी घड्याळ, माणूस पडला की ओळखणारा कॅमेरा, आणि मोठा इन्व्हर्टर. दीड लाखाच्या घरात जाईल म्हणतात. मिस्टर म्हणतात, घेऊन टाक, फुकट आहे. बाबा म्हणतात, असल्या खोक्यांनी विश्वामित्री नदी थांबत नाही. मी काही बोलले की भाऊजींना वाटतं, मी त्यांच्या आईवडिलांच्या बाबतीत कंजुषी करते. यातलं खरं उपयोगाचं काय, आणि त्यांना सांगू कसं?"

ताई, नाव छापलेलं नाही. सासूबाई ओळखतीलच, पण त्याला माझा इलाज नाही.

आधी ते उपग्रहाचं यंत्र. ते आणू देऊ नका. हा कंजुषीचा प्रश्नच नाही, कायद्याचा आहे. आपल्याकडे परदेशातून आणलेला उपग्रह फोन किंवा तसलं मेसेजचं यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. गिर्यारोहणाला आलेल्या परदेशी पाहुण्यांच्या सामानात अशी यंत्रं सापडून त्यांना विमानतळावरच अडकवून ठेवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तुमच्या भाऊजींची दिवाळी पोलीस चौकीत जायला नको. त्यांच्या डोक्यात हे कुठून आलं असेल, तेही मी सांगते. नव्या आयफोनमधून उपग्रहावर मदत मागायची सोय आहे, आयफोन १४ पासून. अमेरिकेत ती २०२२ च्या नोव्हेंबरात आली, ऑस्ट्रेलियात २०२३ च्या मे महिन्यात. मेलबर्नबाहेर रानात फिरायला गेलं की त्यांच्या खिशात ती असते, म्हणून त्यांना वाटतं की बडोद्यातही असावी. भारतात ती चालू झालेली नाही. आणि असती, तरी त्या उपग्रहाला मोकळं आकाश लागतं. आकाशाकडे फोन धरून, स्क्रीनवरच्या बाणाप्रमाणे वळत वळत उभं राहायचं, तेव्हा चार ओळी जातात. पावसाच्या रात्री, तळमजल्यावर, गुडघाभर पाण्यात आणि त्याच पाण्यात मगरी असताना तुम्ही ते करणार होतात का? (विश्वामित्रीच्या मगरी बाहेरगावच्या वाचकांना गोष्टीतल्या वाटतात. त्या पुरात वनखात्याने वस्त्यांमधून पुष्कळ पकडून नेल्या.)

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. "तातडी" हा एकच शब्द असला तरी घड्याळं वेगवेगळी आहेत. पुराचं घड्याळ तासांचं, हृदयाचं मिनिटांचं, भूकंपाचं सेकंदांचं, आणि विजेच्या धक्क्याचं त्याहून बारीक. भाऊजींच्या यादीतली प्रत्येक वस्तू कुठल्या घड्याळासाठी आहे, एवढं विचारलं की निम्मी यादी आपोआप गळते.

पुरापासून सुरू करू. त्या वेळी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. पण आठवून बघा, पाऊस ओसरला तरी पाणी चढतच होतं, कारण ते वरून येत होतं: आजवा तलावाकडून, वरच्या पाणलोटातून. म्हणजे तुमच्या दारात पाणी येण्याआधी तास होते. ते तास वाया गेले, कारण नदीची बातमी तुमच्यापर्यंत वेळेवर पोचली नाही, किंवा पोचली आणि पन्नास फॉरवर्डच्या ढिगात दबली. इथे खरोखर एक नवी गोष्ट आलीय आणि ती फुकट आहे. २०२३ साली एके दिवशी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतंय? बँकेत गिऱ्हाइकं दचकली असतील. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती.

एसएमएस म्हणजे पोस्टमनने दारोदार पत्र टाकणं: एक नंबर, एक पत्र, आणि गर्दी झाली की पत्रं तुंबतात. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनांना एकदाच ओरडून सांगतो. त्याला तुमचा नंबर माहीत असावा लागत नाही, आणि हजार फोन असोत की लाख, त्याचं ओझं तेवढंच. म्हणून नेटवर्क तुंबलेलं असतानाही ती पोचते. आपल्याकडची ही व्यवस्था सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलीय आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 'सचेत' या इशारे देणाऱ्या व्यवस्थेशी जोडलीय. तुम्ही करायचं एवढंच: घरातल्या चारही फोनांत सेटिंगमध्ये जाऊन वायरलेस इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत ना ते बघायचं. त्या दिवशीच्या किंचाळण्याला वैतागून कितीतरी लोकांनी ते बंद करून ठेवलेत. बाबांच्या फोनात तर नक्की बघा, नातवाने "आवाज बंद करून देतो आजोबा" म्हणून केलं असणार. सचेतचं ॲपही टाका. आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर कागदावर लिहून ठेवा, फोनात नव्हे.

मग फोन मेले त्याचं. मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली, तेव्हा इथे जरा रेंगाळू द्या.

जुना काळा फोन लाइट गेली तरी चालायचा, त्याचं कारण एक्स्चेंजमधली बॅटरी रूम. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, माणसाच्या कमरेएवढे, ओळीने मांडलेले. खोलीत शिरलं की ॲसिडचा वास नाकात बसायचा आणि सुती साडीला बारीक भोकं पडायची. ते ४८ व्होल्ट तांब्याच्या तारेतून थेट तुमच्या दिवाणखान्यातल्या फोनपर्यंत यायचे. म्हणजे घरातला फोन आमच्या बॅटरीवर चालायचा, तुमच्या घरच्या विजेवर नाही. आता उलट झालंय. टॉवरची बॅटरी काही तास टिकते, पुढे डिझेल लागतं, आणि पाण्यातून डिझेल नेणार कोण? तुमचे मोबाइल संध्याकाळी मेले ते याच कारणाने असणार. त्यातून टॉवर मेला की फोन स्वस्थ बसत नाही. लांबचा टॉवर शोधत जोर लावत राहतो आणि स्वतःची बॅटरी खाऊन टाकतो. फोन मेला म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो या शोधाशोधीतच मेलेला असतो.

म्हणून पुढच्या वेळी असं करायचं. लाइट गेली आणि पाणी चढतंय दिसलं की घरातले फोन एअरप्लेन मोडवर, फक्त एक चालू. आणि सगळ्या घराने आधीच ठरवून ठेवायचं की प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं फोन उघडायचे. नऊ ते नऊ पाच, दहा ते दहा पाच. मिस्टरांनी कंपनीतून त्याच वेळात मेसेज टाकायचा. कॉल नाही, व्हॉट्सॲप नाही, साधा एसएमएस. कॉलला तेवढा वेळ वाट मोकळी मिळावी लागते. एसएमएस चिमूटभर असतो, रांगेत थांबतो आणि फट दिसली की सटकतो.

दुसरं, घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. तुमच्याकडे चौघांची एकाच कंपनीची आहेत, फॅमिली प्लॅन म्हणून, हे मी पैज लावून सांगते. शंभर रुपये वाचवायला आपण चारही अंडी एकाच टोपलीत ठेवतो. मोठ्या संकटात सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर वापरू देण्याचा हुकूम काढतं. २०२३ च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळात कच्छ-सौराष्ट्रात तो काढला होता. अशा वेळी सेटिंगमधे नेटवर्क 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने दुसरं निवडून बघायचं असतं. हे मुलाला शिकवून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरं, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट असेल, तर ते पुरात मोबाइलपेक्षा जास्त वेळ जगू शकतं. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या खऱ्या फायबरला वाटेत वीज लागतच नाही. मधे प्रकाश वाटून देणारी जी डबी असते ती नुसती काचेची करामत, तिला प्लग नसतो. दोन टोकांना वीज असली की झालं: त्यांच्याकडे त्यांची बॅटरी, तुमच्याकडे राउटर. राउटरला पंख्याच्याही निम्मी वीज लागत नाही. राउटरचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो आणि काही तास चालतो. त्यावर वायफाय कॉलिंग चालू ठेवलं, तर टॉवर मेलेला असतानाही तुमचा नेहमीचा नंबर लागतो. पण आधी जाऊन बघा: तुमची वायर खरी घरापर्यंत फायबर आहे, की गल्लीच्या खांबावरच्या एखाद्या पेटीतून येते? पेटीवर दिवा लुकलुकत असेल, तर ती विजेवर चालते आणि लाइटबरोबर जाते. मग यूपीएसचे पैसे वाया.

मोठा इन्व्हर्टर हवा असेल तर घ्या, पण तुमचा आधीचा इन्व्हर्टर कुठे होता? पत्रात लिहिलंय, जिन्याखाली. म्हणजे घरातली सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात आधी बुडाली. नवा भिंतीवर, डोक्याच्या उंचीला. बॅटरी उचलायला सुतार नको, वेल्डर बोलवा आणि अँगलचा स्टँड करून घ्या.

आता विजेच्या धक्क्याचं घड्याळ. जिथे मिलीसेकंद खरोखर मोजतात, अशी एकच वस्तू तुमच्या घरात हवी आणि ती भाऊजींच्या यादीत नाही: तीस मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर, इलेक्ट्रिशियन ज्याला आरसीसीबी म्हणतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक दिसला, म्हणजे वीज कुणाच्या तरी अंगातून किंवा पाण्यातून जमिनीत चाललीय, की पापणी लवते-न लवते तोवर तो खाली पडतो. तळमजला, खालचे सॉकेट आणि दारातून येणारं पाणी या घरात तो नसेल, तर बाकी सगळं नंतर. असेल, तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून बघा. पडला पाहिजे. माझ्या शेजाऱ्यांकडे ब्रेकर बसवल्यापासून ते बटण कुणी दाबलंच नव्हतं. दाबलं, तर ढिम्म.

मिलीसेकंद निघालेच आहेत, तर त्या कॅमेऱ्याचं बोलू. जाहिरातीत लिहिलेलं असतं, पाच-जी, झटपट, क्षणात. प्रकाश काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. बडोदं ते मुंबई चारशे किलोमीटर. जाऊन-येऊन चार मिलीसेकंद, वाटेतल्या यंत्रांचे आणखी काही. सिंगापूरला जाऊन आलं तरी पापणी लवण्याच्या आत होतं. बाबा बाथरूममध्ये पडले हे कळायला यातलं काही कमी-जास्त झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. मिस्टरांच्या कारखान्यात प्रेसखाली हात गेला तर मशीन थांबवायला मिलीसेकंद लागतात, म्हणून तिथला हिशेब मशीनच्या कुशीतच होतो, कुठल्या लांबच्या सर्व्हरवर नाही. कॅमेऱ्याच्या बाबतीत जवळच्या हिशेबाचं कारण वेगळं आहे. हिशेब सिंगापूरला होत असेल आणि इंटरनेट गेलं, तर कॅमेरा आंधळा. पुराच्या रात्री, जेव्हा तो हवा, तेव्हाच. घेणारच असाल तर दुकानदाराला एकच विचारा: नेट बंद असताना हा घरातल्या घरात घंटा वाजवतो का? उत्तर "ॲपवर नोटिफिकेशन येतं" असं आलं, तर नमस्कार करून निघा.

आणि सासूबाईंना विचारलंय का कुणी? पडतात माणसं बाथरूममध्ये. तिथे कॅमेरा लावून घेणारी सासू मला अजून भेटायचीय. रडारवर चालणाऱ्या डब्या निघाल्यात, चित्र न काढता नुसती हालचाल ओळखणाऱ्या. पण मी आधी दोन स्टीलचे दांडे आणि एक रबरी मॅट लावेन. घड्याळाचंही तेच. पडल्याचं ओळखून आपणहून फोन लावणारी घड्याळं चांगली असतात, ती मी नाकारत नाही. फक्त तीन गोष्टी: बहुतेकांना फोन जवळ लागतो किंवा स्वतःचं सिम लागतं, बहुतेक रोज चार्ज करावी लागतात, आणि आमच्या पिढीचे पुरुष अंघोळीला आणि पूजेला घड्याळ काढून ठेवतात. बाबा ते काढून फडताळात ठेवणार नाहीत याची खात्री असेल तरच घ्या. त्यातला ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही, हे कंपन्या स्वतःच बारीक अक्षरांत लिहितात. "घड्याळ हिरवं दाखवतंय" म्हणून छातीतल्या दुखण्याला घरी थांबायचं नाही.

इथे मी माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी माझी आत्या आमच्याकडे दांडिया बाजारात असताना एका रात्री घामाघूम झाली. मी १०८ लावला. पत्ता विचारला. आयुष्यभर केबलचे फॉल्ट कुठल्या खांबापाशी आहेत ते शोधण्यात घालवलेल्या बाईने काय सांगावं? "दांडिया बाजार, गणपतीच्या देवळाजवळ." अहो, दांडिया बाजारात गणपतीच्या देवळाजवळ नसलेलं घर दाखवा! १०८ चा फोन उचलणारी व्यक्ती बडोद्यात नसते, अहमदाबादजवळ कठवाड्याला बसलेली असते. तिला आमचा गणपती कोणता ते कळायचं काही कारण नव्हतं. गाडी झटपट आली, पण भलत्या टोकाला. मग आमच्या बोळात शिरेना. जावयाने धावत जाऊन आणली तोवर चौदा मिनिटं गेली. आत्या वाचली, आणि पुढे सात वर्षं "तुझा गणपती कोणता गं?" असं विचारत जगली.

ही चौदा मिनिटं कुठलं पाच-जी भरून काढणार होतं? हृदय थांबलेल्या माणसाची जगण्याची शक्यता, छातीवर दाब आणि शॉक यातलं काहीच मिळालं नाही तर, दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. म्हणून तुमच्याकडे फ्रिजवर एक कागद लागला पाहिजे. गुजरातीत, मोठ्या अक्षरात. घर नंबर, सोसायटीचं नाव, मोठ्या रस्त्यावरून आत यायचं वळण कोणतं, वळणावर खूण कोणती (देऊळ नको, पेट्रोल पंप किंवा शाळा), गेट रात्री बंद असतं का, किल्ली कुणाकडे. बाबांचं वय, स्टेंट, गोळ्यांची नावं. त्याखाली डिजिपिन लिहा. ही २०२५ मध्ये टपाल खात्याने आणलेली सोय, दहा अक्षर-आकड्यांचा कोड. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला एक, म्हणजे तुमच्या पलंगालासुद्धा स्वतःचा पत्ता. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या रिमोट सेन्सिंग केंद्राबरोबर तो बनवलाय. फोन घेणाऱ्याला तो कळला तर उत्तम, नाही कळला तर वरच्या चार ओळी आहेतच. फोन लावणारा एक, आणि वळणावर टॉर्च घेऊन उभा राहणारा दुसरा. हे आधी ठरलेलं असावं, त्या वेळी "तू जा, मी जातो" नको.

छातीवर दाब द्यायला तुम्ही, मिस्टर आणि मुलगा, तिघांनी शिकून घ्या. मिनिटाला १०० ते १२० दाब, दोन इंच खोल. एका रविवारचं काम.

इन्सुलिनचं तुम्ही जाता जाता विचारलंय. डॉक्टरांना विचाराच, पण साधारणपणे उघडलेली वापरातली बाटली महिनाभर फ्रिजबाहेर, सावलीत, तीस अंशांच्या आत चालते. लाइट गेली म्हणून लगेच टाकू नका. मातीच्या ओल्या मडक्यात डबी ठेवून मडकं हवेशीर सावलीत ठेवलं की भागतं.

भूकंपाचं थोडक्यात सांगते. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. बडोद्यात त्या सकाळी भांडी खणखणलेली कुणी विसरलं नसेल. केंद्र आपल्यापासून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर. नुकसान करणाऱ्या लाटा जमिनीतून सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास येतात, म्हणजे इथे पोचायला त्यांना दीड मिनिट लागलं असेल. रेडिओचा संदेश हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात कापतो. तिकडे पहिला हादरा ओळखला गेला आणि इकडे फोन वाजला, तर मिनिटभर हातात मिळतं: बाबांना भिंतीपासून हलवायला, गॅस बंद करायला. २००१ मध्ये हे नव्हतं. २०२३ पासून अँड्रॉइड फोनांत भारतातही ही सूचना येते. कुणाच्या टेबलावर पडलेले हजारो फोनच हादरा टिपतात, वेगळं यंत्र लागत नाही. सेटिंगमध्ये चालू आहे ना बघा, बस्स. भुजमध्ये तेव्हा टेलिफोन आडवे झाल्यावर बातम्या बाहेर काढल्या त्यांत हॅम रेडिओवाली, म्हणजे हौसेने बिनतारी संदेश पाठवणारी, मंडळी होती. तुमच्या अकरावीच्या चिरंजीवांना असल्या गोष्टींचं वेड असेल, तर हॅमची परीक्षा बारा वर्षांपुढच्या कुणालाही देता येते, आणि परवाना कायदेशीर मिळतो. उपग्रहाच्या खोक्याची हौस त्यावर भागवा.

राहिले भाऊजी. ताई, तुम्ही कंजूष नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. त्या रात्री मेलबर्नला बसून ते फोन लावत राहिले असतील, रिंगसुद्धा वाजली नसेल, आणि सकाळपर्यंत त्यांना काहीच कळलं नसेल. लांब असलेल्या मुलाला हातात काहीतरी हवं असतं, म्हणून तो खोके पाठवतो. तुम्ही खोका नाकारलात की त्यांना वाटतं, आपल्यालाच नाकारलं. तेव्हा त्यांना काम द्या. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेचार ते साडेपाच तास पुढे असतं. पावसाळ्यात आजवा आणि काळाघोडा पुलापाशी नदी किती फुटांवर आहे ते आकडे रोज येतात. तुम्ही बँकेत गिऱ्हाइकांत बुडालेल्या असताना ते आकडे बघायचे, चढायला लागले की तुम्हाला फोन करायचा, हे त्यांचं. आणि पूर आला की तुम्ही नातेवाइकांना एकेकाला कळवत बसायचं नाही. तुमचा एक एसएमएस भाऊजींना: "वर गेलो, चौघे ठीक." पुण्याच्या नणंदेला, गावच्या काकांना, मिस्टरांच्या कंपनीला पुढे सांगायचं त्यांनी. तुमची बॅटरी वाचते, आणि त्या रात्री ते नुसते फोन लावत बसत नाहीत. पैसे खर्च करायचेच म्हणाले तर ब्रेकर, इन्व्हर्टर आणि त्याचा स्टँड, राउटरचा यूपीएस, बाथरूमचे दांडे आणि सेलवर चालणारा खिशातला रेडिओ. पंचवीस-तीस हजारांत आटपेल, त्यातला मोठा हिस्सा इन्व्हर्टरचा.

बाबा म्हणतात ते खरंय, खोक्यांनी विश्वामित्री थांबत नाही. पण बाबांनाही एक विचारा: पाणी आलं की ते वर कसे जाणार? दिवाळीत दोघं भाऊ घरात असतील, तेव्हा एका सकाळी हत्ते असलेली खुर्ची घ्या, बाबांना बसवा, एकाने मागून आणि एकाने पुढून धरून वरच्या मजल्यापर्यंत न्या. घड्याळ लावून किती मिनिटं लागतात ते बघा, आणि जिन्याच्या वळणावर खुर्ची फिरते का तेही बघा. आमच्याकडे नाही फिरली, आम्हाला खुर्ची बदलावी लागली. वरच्या मासींना मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे दार उघडं मिळेल आणि चहा पण.